बीनचा पहिला ‘सा’ आणि बडोद्याची गायनशाळा

बीन शिकायला लागलोय असं सांगितलं की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येणारा जवळपास प्रत्येक जण आधी विचारतो, "कोणती, गारुड्याची?" ती नव्हे. ही रुद्रवीणा, जुन्या गवयांच्या तोंडी नुसतीच बीन. एक पोकळ दांडी, तिला खालून दोन मोठे वाळलेले भोपळे, आणि दांडीवर मेणाने बसवलेले चोवीसेक पडदे. सतारीला तुंबा वेगळा आणि मान वेगळी. इथे तारा तोलून धरणारी दांडी हेच मूळ अंग, भोपळे फक्त नाद वाढवायला. म्हणूनच १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी जगभरच्या वाद्यांची वर्गवारी केली, तेव्हा त्या हिशेबाने बीन सतारीच्या कुळात न बसता झिदरच्या, म्हणजे वेगळी मान नसलेल्या तंतुवाद्यांच्या, कुळात बसली. स्वरमंडळ आणि संतूर तिचे भाऊबंद.

पहिला आठवडा माझ्या वाट्याला फक्त ‘सा’ आला. वरचा भोपळा डाव्या खांद्यावर, खालचा उजव्या गुडघ्यापाशी. उजव्या हाताच्या तर्जनीला आणि मधल्या बोटाला नखी (तारेची छेडणी), करंगळी चिकारीच्या, म्हणजे बाजूच्या साथीच्या, तारांवर. डाव्या हाताने तार पडद्यावर दाबायची आणि मग आडवी ओढायची, म्हणजे एकाच पडद्यावरून पुढचे स्वर निघतात. ही मींड हेच बीनचं सर्वस्व. बोटाला घट्टा पडेपर्यंत ती रडतच निघते. हे सगळं मला मागितल्यावर मिळालं, आणि त्याचंच अप्रूप वाटतं, कारण फार काळ ते तसं मिळत नसे.

बीन घराण्याबाहेर जाऊ द्यायची नाही, अशी जुन्या बीनकारांची रीत होती. तानसेनाच्या कन्येच्या वंशात ही विद्या चालत आली असं परंपरा सांगते, आणि ती मुलाला, फार तर जावयाला मिळे. बाहेरचा शागीर्द कितीही गुणी असला तरी त्याच्या हाती सतार दिली जाई. एकोणिसाव्या शतकात सुरबहार, म्हणजे मोठी, खर्ज सतार, पुढे आला तोही याच अडचणीतून: बीनचा आलाप शिकवायचा, पण बीन हातात द्यायची नाही. मला यात नुसता कंजूषपणा दिसत नाही. दरबारी चाकरी विद्येवरच टिकून होती, विद्या म्हणजे घरची जमीन. तरीही दाराबाहेर राहिलेल्यांचं काय, हा प्रश्न उरतोच.

त्या दाराबाहेर बसलेल्या एकाची गोष्ट बडोद्याची आहे. मौलाबक्ष, जन्म १८३३. तरुणपणी त्यांना गवई घसीट खाँ यांच्याकडे शिकायचं होतं, पण खाँसाहेब परक्याला शिकवत नसत. मौलाबक्षांच्या घरात सांगत आलेली हकीकत अशी, की त्यांनी घसीट खाँच्या दरवानाशी दोस्ती केली आणि रात्रीमागून रात्री देवडीवर बसून आतला रियाज ऐकला. ऐकलेलं घरी जाऊन घोटायचं, दुसऱ्या रात्री पुन्हा देवडी. एक दिवस खाँसाहेबांच्याच कानावर स्वतःची गायकी परक्या गळ्यातून आली. चोरी उघडी पडली, आणि शागिर्दी मिळाली. पुढे मौलाबक्ष म्हैसूरला गेले, कर्नाटक संगीत शिकले, तिथल्या दरबारात मानाची कलगी-छत्री मिळवली. दक्षिणेतली शास्त्रशुद्ध, पायरीपायरीने शिकवायची शिस्त त्यांनी जवळून पाहिली ती तिथेच.

मग १८८६ साल. गादीवर सयाजीराव गायकवाड, तिसरे. नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आलेले, शिक्षणाचा ध्यास घेतलेले. दरबारी गवई, वादक आणि नर्तकी यांच्यासाठी संस्थानात ‘कलावंत कारखाना’ होता, पण तो ऐकण्यासाठी. शिकण्यासाठी त्यांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली. गंडा (शिष्यत्वाचा धागा) नाही, घराणं नाही. वर्ग, वेळापत्रक आणि फळा. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी बसवली आणि तिच्यात छोटी क्रमिक पुस्तकं छापली. पलुसकरांचं लाहोरचं गांधर्व महाविद्यालय १९०१ चं, भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं त्याहून पुढची; हे लक्षात घेतलं की बडोद्याचं पाऊल किती आधी पडलं ते कळतं. देवडीवर बसून कान लावलेल्या माणसाने शाळेचा दरवाजा उघडा ठेवावा, याहून मोठी गुरुदक्षिणा मला सुचत नाही. मौलाबक्ष १८९६ मध्ये गेले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि ती शाळा त्यात सामावली. सुरसागर तलावासमोर आजही तिथून संध्याकाळी तबल्याचे बोल ऐकू येतात.

मौलाबक्षांच्याच घरात १८८२ मध्ये त्यांचा नातू इनायत खाँ जन्मला. आजोबांकडून शिकलेली वीणा घेऊन तो १९१० मध्ये अमेरिकेला गेला आणि पुढे सूफी गुरू म्हणून जगाला माहीत झाला. दरबारात जमालुद्दीन खाँ यांच्यासारखे बीनकारही होते. पण शाळेत शिकून घरोघरी पोचली ती पेटी, सतार, दिलरुबा. बीन नाही. तिचं दार आमच्या काळात पुन्हा उघडलं ते बीनकार झिया मोहिउद्दीन डागर यांच्यासारख्यांमुळे; त्यांनी पनवेलजवळ पळस्प्याला गुरुकुल उभारलं आणि घराण्याबाहेरच्यांनाही शिकवलं.

बीन वहीत मावत नाही, हेही एक कारण असावं. गत लिहिता येते, तान लिहिता येते. षड्जावरून गंधारापर्यंत ओढत नेलेली तार वाटेत कुठे रेंगाळली, ते कोणत्या खुणेने लिहिणार? माझ्या वहीत अक्षरांवर बाण, अर्धचंद्र, काय काय काढून ठेवलंय. घरी गेल्यावर त्यातलं निम्मं मलाच लागत नाही.

मे महिन्यात इथल्या उन्हाने मेण मऊ झालं आणि माझा गंधाराचा पडदा सुतभर घसरला. वहीप्रमाणे वाजवत होतो, बोट जागेवर होतं, तरी स्वर बसेना. गुरुजी आले तेव्हा त्यांनी निरांजन मागवलं, पडदा हलकेच शेकला, अंगठ्याने सरकवला, तार छेडली. पुन्हा सरकवला, पुन्हा छेडली. तिसऱ्या वेळी थांबले आणि मला म्हणाले, "आता बघू नका. ऐका आणि सांगा, लागला का?"