प्रकाश पडला की गप्प होणाऱ्या पेशी

डोळ्याच्या आतल्या बाजूला, अगदी मागे, दृष्टिपटलाचा पातळ थर असतो. जाडी जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर. प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर होतं ते इथे. प्रकाश पडताच इथल्या पेशी जाग्या होत असतील, असं कुणालाही वाटेल. प्रकार नेमका उलटा आहे. त्या अंधारात कामात असतात आणि उजेड पडला की थंडावतात.

या पेशी दोन जातींच्या. मंद उजेडासाठी दंडपेशी, साधारण दहा कोटी. रंग आणि बारकावे यांसाठी शंकुपेशी, पन्नास-साठ लाख. काळोखात दंडपेशीच्या आवरणातल्या असंख्य सूक्ष्म वाटा उघड्या असतात. त्यांतून सोडियम आणि कॅल्शियमचे धनभारित आयन आत शिरत राहतात. वाटा उघड्या धरून ठेवतो तो सीजीएमपी नावाचा एक छोटा रेणू. या ओघामुळे पेशीचा आतला विद्युतदाब उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास राहतो आणि ती पुढच्या पेशीकडे ग्लुटामेट हे रसायन सतत सोडत असते.

आता प्रकाशाकडे येऊ. १८७६ साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्झ बोल यांच्या लक्षात आलं, की अंधारात ठेवलेल्या बेडकाचं दृष्टिपटल लालसर दिसतं आणि उजेडात बघता बघता फिकट पडतं. तो रंग ऱ्होडॉप्सिनचा. या प्रथिनाच्या पोटात रेटिनल नावाचा, जीवनसत्त्व ‘अ’पासून बनलेला, वाकडा रेणू बसलेला असतो. त्याने प्रकाशाचा एक कण शोषला की तो सरळ होतो. वेळ किती लागतो? एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाचा जेमतेम पाचवा हिस्सा! पाहण्याच्या सगळ्या व्यवहारात प्रकाशाचं काम एवढंच. पुढचं सगळं रसायनांचं. हा उलगडा करणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

रेटिनल सरळ झाला की प्रथिनाचा आकार बदलतो. ते ट्रान्सड्युसिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या अनेक रेणूंना कामाला लावतं, त्यांच्यामुळे एक विकर जागं होतं आणि सीजीएमपीचा फडशा पाडतं. वाटा बंद होतात, आतला दाब आणखी उणे होतो, ग्लुटामेट आटतं. या साखळीत संदेश इतका वाढतो, की एका फोटॉनचीही, म्हणजे प्रकाशाच्या एकाच कणाचीही, दखल दंडपेशी घेऊ शकते. मात्र दृष्टिपटलाच्या ऐन मध्यबिंदूत दंडपेशी नसतातच. म्हणून अंधूक तारा रोखून पाहिला की नाहीसा होतो, नजर किंचित बाजूला वळवली की पुन्हा दिसतो.

पण गप्प बसणं म्हणजे संदेश कसा? ते ठरतं पुढच्या द्विध्रुवी पेशींवर. त्यांतल्या काहींना ग्लुटामेट दाबून ठेवतं; ते आटलं की त्या मोकळ्या होतात आणि ‘उजेड’ कळवतात. काहींना ग्लुटामेटच चेतवतं, त्या ‘अंधार’ कळवतात. आडव्या जोडणीच्या पेशी शेजारच्या ठिपक्यांशी तुलना करून कडा ठळक करतात. शेवटच्या गुच्छिका पेशी मात्र ठोक्यांच्या, म्हणजे विजेच्या छोट्या स्पंदांच्या, भाषेत बोलतात. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत त्यांचे जेमतेम दहा-बारा लाख तंतू. एवढ्यात ठिपक्यान् ठिपक्याची खबर मावणार नाही, म्हणून मेंदूकडे जातात ते प्रामुख्याने फरक आणि बदल.

एक विचित्र गोष्ट राहिली. प्रकाश टिपणाऱ्या पेशी सगळ्यात मागे आणि संदेश नेणाऱ्या तारा पुढे, अशी उफराटी मांडणी आपल्या डोळ्यात आहे. तारांना बाहेर पडायला भोक लागतं, तिथे आंधळा ठिपका तयार होतो. पण मागे असण्यात सोयही आहे. सरळ झालेला रेटिनल लगेच उपयोगाचा राहत नाही. दंडपेशींना खेटून असलेल्या काळसर थरात जाऊन तो पुन्हा वाकडा होऊन परततो. भगभगीत उजेडातून काळोखात गेल्यावर नजर पुरती सरावायला अर्धा तास लागतो तो बहुतांशी यामुळेच, आणि जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडलं की रातांधळेपणा येतो तोही याच रेणूच्या टंचाईमुळे.