बाल-हॉस्पिस : वास्तुरचना

बऱ्या न होणाऱ्या किंवा आयुष्य अल्प करणाऱ्या आजाराची मुले आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी रुग्णालयाबाहेर उभारलेले निवासी केंद्र म्हणजे बाल-हॉस्पिस. प्रस्तुत नोंदीत केवळ त्याच्या इमारतीचा विचार केला आहे.

उगम : या वास्तुप्रकाराचा आरंभ कोठे झाला, याचे उत्तर ‘आरंभ’ कशाला म्हणायचे यावर ठरते. प्रौढांच्या आधुनिक हॉस्पिसचा प्रारंभ सामान्यतः ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानतात. मृत्युशय्येवरील मुलांची घरीच शुश्रूषा करण्याचे प्रयोग अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातील परिचारिका-अध्यापिका आयडा मार्टिन्सन यांनी १९७० च्या दशकात केले. १९७८ मध्ये व्हर्जिनियात ‘एडमार्क’ ही मुलांसाठीची सेवा निघाली. त्यामुळे अग्रक्रम अमेरिकेकडे देण्याची एक परंपरा आहे. मात्र या सेवा घरोघर जाणाऱ्या होत्या. केवळ मुलांसाठी बांधलेली स्वतंत्र वास्तू म्हटली, तर ऑक्सफर्ड येथे नोव्हेंबर १९८२ मध्ये उघडलेल्या ‘हेलन हाउस’लाच प्रथम मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तिच्या संस्थापक सिस्टर फ्रान्सेस डॉमिनिका या प्रशिक्षित परिचारिका होत्या. मेंदूतील गाठीमुळे परावलंबी झालेल्या एका मुलीला त्या अधूनमधून आपल्या मठात ठेवून घेत आणि तिच्या आईवडिलांना विसावा देत. या अनुभवातून मठाच्या आवारात आठ मुलांची सोय असलेले घर उभे राहिले. सेंट ख्रिस्तोफर्सचा वारसा विचारांत दिसतो. इमारतीचा नमुना मात्र रुग्णालयातील वॉर्डाचा नसून राहत्या घराचा आहे. त्यानंतर यॉर्कशरमधील मार्टिन हाउस (१९८७), व्हँकूव्हरमधील जुन्या हवेलीत थाटलेले कॅनक प्लेस (१९९५) व कॅलिफोर्नियातील जॉर्ज मार्क चिल्ड्रन्स हाउस (२००४) हे ठळक टप्पे होत.

निवासी कोण : ब्रिटनमध्ये १९९७ साली रूढ झालेल्या वर्गीकरणात चार गट येतात. उपचार शक्य असले तरी ते अपयशी ठरू शकतील असे आजार, उदा., कर्करोग; दीर्घ उपचारांनी आयुष्य वाढते पण अकाली मृत्यू टळत नाही असे; वाढत जाणारे व प्रथमपासूनच केवळ उपशामक (आजार बरा न करता त्रास कमी करणाऱ्या) उपचारांचे; आणि न वाढणारे परंतु तीव्र व्यंगत्व देणारे, उदा., गंभीर स्वरूपाचा मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी). बहुतेक मुले येथे काही रात्रींच्या विसाव्यासाठी येतात, परत जातात आणि पुन्हा येतात. ही इमारत केवळ मृत्यूसाठी आहे असे गृहीत धरून काढलेले आराखडे म्हणूनच फसतात.

खोल्या व यंत्रणा : दिवसाचा मोठा भाग उताणे पडून काढणाऱ्या मुलाला भिंतीपेक्षा छत अधिक दिसते, तरीही छतावर उघडे दिवे व वायुवीजनाच्या जाळ्या सर्रास आढळतात. प्रकाश भिंतीवरून परावर्तित होऊन यावा. अपस्माराची मुले असल्याने तो लुकलुकता कामा नये. खिडकीची खालची कड पलंगाच्या पातळीखाली ठेवली, तरच निजलेल्या मुलाला बाग दिसते. मुलाला उचलणारी होइस्ट छतातील रुळावरून पलंगापासून न्हाणीपर्यंत अखंड जावी लागते. वाटेतील दाराची चौकट तिथे नेमकी आडवी येते, म्हणून तुळई व दारे यांचा निर्णय रुळाबरोबरच घ्यावा लागतो. मागाहून तो दुरुस्त करणे महाग पडते. प्राणवायूचे नळ, शोषणयंत्र व व्हेंटिलेटरची जोडणी सरकत्या फळ्यांमागे दडवतात. परंतु त्या फळ्या अंधारातही एका हाताने उघडता आल्या पाहिजेत. पर्यायी वीज अनिवार्य. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांत दाट कफ साचवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांनी परस्परांचा संसर्ग टाळायचा असल्याने सर्वांना एकत्र आणणारे मोठे स्वयंपाकघर, जे या वास्तुप्रकाराचे मर्म मानतात, त्यांच्यासाठी अडचणीचे ठरते.

निसर्गदर्शनाच्या समर्थनार्थ अमेरिकन संशोधक रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हे रुग्ण प्रौढ होते आणि बरे होणारे होते. तो निष्कर्ष बाल-हॉस्पिसला जसाच्या तसा लावणे धाडसाचे आहे.

शीत कक्ष : मृत्यूनंतर अंत्यविधीपर्यंत मुलाला त्याच्या पलंगावरच ठेवता यावे, यासाठी राखलेली ही खोली हेलन हाउसमध्ये ‘लिटल रूम’ या नावाने ओळखली जाते. दिसायला ती साधी निजायची खोली. बांधणीने मात्र शीतगृहाच्या जवळची. नेहमीचे वातानुकूलन माणसाच्या सोयीच्या तापमानापाशी थांबत असल्याने येथे वेगळे शीतयंत्र लागते. भिंत, छत व जमीन यांना उष्णतारोधक थर हवा आणि त्याच्या उबदार बाजूला बाष्परोधक पडदा हवा. नाहीतर थराच्या आत पाणी साचते व शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. थंड हवेचा झोत पलंगावर पडल्यास पांघरूण हलते, त्यामुळे हवा वरून आणि संथ सोडावी. तापमानाची कळ खोलीबाहेर असते. आईवडील तासन्‌तास बसतात, म्हणून लगत उबदार बैठक आणि बागेत उघडणारे स्वतंत्र दार आवश्यक असते. शववाहिका खेळघरासमोरून नेऊ नये, याबद्दल मतभेद नाहीत. कक्षाच्या जागेबद्दल आहेत : काही रचनाकार तो एका टोकाला, दृष्टीआड ठेवतात, तर काही कुटुंबांच्या निवासाजवळ. दुसरी पद्धत अधिक मानवी वाटते. भावंडांना येजा करणे तिच्यात सोपे जाते. आता शीत गादीमुळे (देहाखाली ठेवायच्या, यंत्राने थंड राखलेल्या गादीमुळे) मूल स्वतःच्या खोलीत किंवा घरीही राहू शकते, तरीही नव्या इमारतींतून हा कक्ष वगळलेला नाही.

इतर विभाग : पालकांची निवासस्थाने बहुधा वरच्या मजल्यावर असतात. जलोपचाराचा तलाव सुमारे ३३–३६° से. उबदार ठेवावा लागत असल्याने दमट हवेचा निचरा हा त्यातील मुख्य प्रश्न होय. उपचारांमुळे आयुर्मान वाढून किशोरांची संख्या वाढली. त्यांना चित्रविचित्र प्राण्यांनी रंगवलेल्या भिंती नकोशा होतात. ऑक्सफर्डला २००४ मध्ये तरुणांसाठी डग्लस हाउस हे वेगळे घर निघाले, ते २०१८ मध्ये बंद पडले.

इटालियन वास्तुशिल्पी रेन्झो पियानो यांनी इटलीतील बोलोन्या शहरातील बाल-हॉस्पिससाठी केलेल्या आराखड्यात इमारत खांबांवर उचलून झाडांच्या पातळीला नेली आहे. तिच्यातून दिसणारे दृश्य निर्विवाद सुंदर. मात्र चाकाच्या खुर्चीतून थेट मातीवर उतरण्याची सोय अशा रचनेत गमावली जाते. पोलंडमध्ये वॉर्सा येथील १९९४ पासूनची बाल-हॉस्पिस सेवा प्रामुख्याने घरी जाऊन दिली जाते. अशा ठिकाणी इमारत म्हणजे कचेरी, औषधांचे कोठार आणि वाहनतळ एवढीच असते.