तैवान

तैवान : पूर्व आशियातील एक बेट आणि त्या बेटावरून चालणारे लोकशाही राज्य. चीनच्या फुजियान प्रांतासमोर ते आहे. मधली तैवानची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे १३० किमी. आहे. क्षेत्रफळ सुमारे ३६,००० चौ.किमी., म्हणजे केरळपेक्षा थोडे कमी. लोकसंख्या सुमारे २ कोटी ३० लाख. राजधानी तैपेई. कर्कवृत्त बेटाच्या मधून जाते. तरीही ३,००० मी.पेक्षा उंच अशी अडीचशेहून अधिक शिखरे या लहानशा भूमीवर आहेत आणि त्यांतले सर्वोच्च युशान (३,९५२ मी.) हिवाळ्यात बर्फाने पांढरे होते.

तैवानला स्वतःची घटना, लष्कर, चलन, पासपोर्ट, न्यायालये आहेत आणि नियमित निवडणुकाही होतात. तरी ‘हा देश आहे का?’ असे विचारले, तर उत्तर कोण देतो यावर सारे अवलंबून असते. चीन त्याला आपला प्रांत म्हणतो. तैवानचे सरकार म्हणते, की आम्ही आधीपासूनच सार्वभौम आहोत, वेगळे स्वातंत्र्य जाहीर करण्याचे कारण नाही. औपचारिक राजनैतिक संबंध ठेवणारे देश घटत गेले आणि जानेवारी २०२४मध्ये नाऊरूने संबंध तोडल्यावर १२ उरले. त्यांत व्हॅटिकनही येते. बाकीचे देश व्यापार करतात, विमाने पाठवतात, विद्यार्थी घेतात. फक्त नाव घेताना अडखळतात. तैवानचा राजकीय पेच समजून घ्यायचा, तर त्याच्या नावांचा माग काढणे हाच सरळ रस्ता आहे.

सोळाव्या शतकात जपानकडे जाणाऱ्या पोर्तुगीज खलाशांनी याला ‘इल्या फोर्मोझा’, म्हणजे सुंदर बेट, म्हटले. त्या पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी आपला गोवा होता. जुन्या नकाशांत हे बेट ‘फोर्मोसा’ म्हणूनच सापडते. १६२४मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने नैऋत्येला, आजच्या ताइनानजवळ, किल्ला बांधला. १६६२मध्ये कोशिंगा या, चीनच्या जुन्या मिंग राजवटीच्या पक्षाच्या सेनानीने डचांना हुसकावले आणि १६८३मध्ये चीनच्या नव्या छिंग राजवटीच्या सम्राटांनी त्याच्या वारसांना हरवले. युद्धात हरल्यावर १८९५मध्ये छिंग दरबाराने शिमोनोसेकीच्या तहान्वये बेट जपानला दिले. पुढची ५० वर्षे तैपेईचे नाव ‘तैहोकू’ होते. मराठी वाचकाला ते अपरिचित नाही : १८ ऑगस्ट १९४५ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या विमानाला अपघात झाल्याचे सांगितले जाते, ते तैहोकू हेच.

जपान हरल्यावर ऑक्टोबर १९४५मध्ये चीन प्रजासत्ताकाने, म्हणजे चीनमध्ये तेव्हा सत्तेवर असलेल्या चँग कै-शेक यांच्या कुओमिन्तांग (राष्ट्रवादी) पक्षाच्या सरकारने, बेटाचा ताबा घेतला. स्थानिकांना आधी आनंद झाला, पण तो टिकला नाही. २७ फेब्रुवारी १९४७च्या संध्याकाळी तैपेईत चोरटी सिगारेट विकणाऱ्या एका विधवेला सरकारी माणसांनी मारहाण केली. दुसऱ्या दिवशी शहर पेटले आणि चीनच्या मुख्य भूमीवरून आलेल्या फौजेने पुढच्या आठवड्यांत हजारो माणसे मारली. ‘दोन-दोन-आठ’ (दुसऱ्या महिन्याची २८ तारीख) हा शब्द त्यानंतर चाळीस वर्षे उघड उच्चारता येत नव्हता. आज २८ फेब्रुवारी हा सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. १९९५मध्ये राष्ट्राध्यक्ष ली तेंग-हुइ यांनी त्या हत्याकांडाबद्दल राज्याच्या वतीने माफी मागितली. आपल्याच राज्याने केलेल्या खुनांची अशी कबुली देणे ही आशियात विरळा गोष्ट आहे, आणि तैवानच्या लोकशाहीची पारख करताना ती आधी मोजली पाहिजे.

१९४९मध्ये माओंच्या सैन्यापुढे हरून चँग कै-शेक यांचे सरकार दहा लाखांहून अधिक सैनिक व निर्वासितांसह बेटावर आले. सोबत ‘चीन प्रजासत्ताक’ हे नाव आणि १९४७ची घटनाही आली. ते नाव आजही अधिकृत आहे, ती घटना दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. सरकारी कागदांवरची वर्षे १९१२मधल्या प्रजासत्ताकाच्या स्थापनेपासून मोजली जातात, त्यामुळे २०२४ हे तिथे ११३वे साल होते. या सगळ्याचा एक परिणाम विलक्षण होता. हातातून गेलेल्या प्रांतांतून १९४७-४८मध्ये निवडून आलेले प्रतिनिधी तैपेईच्या सभागृहात बसून राहिले, कारण त्यांच्या मतदारसंघांत पुन्हा निवडणूक घेणे अशक्य होते. चाळीस वर्षांनी त्यांतले काही चाकाच्या खुर्चीत सभागृहात येत. न्यायालयीन निवाड्यामुळे १९९१च्या अखेरीस ते निवृत्त झाले. त्याआधी जुलै १९८७मध्ये, ३८ वर्षांनी, लष्करी कायदा उठला होता. २३ मार्च १९९६ रोजी लोकांनी प्रथमच थेट मतदानाने राष्ट्राध्यक्ष निवडला. त्या मतदानाच्या तोंडावर चीनने बेटाजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागली होती.

कायद्याची गाठ दोन कागदांत आहे. १९५१च्या सॅन फ्रान्सिस्को तहात जपानने तैवानवरचा हक्क सोडला, पण तो कोणाला दिला हे तहात लिहिलेले नाही. २५ ऑक्टोबर १९७१च्या संयुक्त राष्ट्रांच्या २७५८ क्रमांकाच्या ठरावाने चीनची जागा बीजिंगला मिळाली आणि ‘चँग कै-शेक यांचे प्रतिनिधी’ बाहेर काढले गेले. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले होते. त्या ठरावात ‘तैवान’ हा शब्द एकदाही येत नाही. बीजिंग म्हणते, प्रश्न तिथेच मिटला. तैपेई म्हणते, आमच्याबद्दल त्यात काही ठरलेलेच नाही. १ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेने आपली मान्यता बीजिंगकडे वळवली, मात्र त्याच वर्षी कायदा करून तैवानला बचावाची शस्त्रे पुरवण्याची तरतूद ठेवली.

मग जगाच्या व्यासपीठांवर नावे शिवून घ्यावी लागली. जागतिक व्यापार संघटनेत २००२पासून हा सदस्य आहे तो ‘तैवान, पेंगहू, किनमेन व मात्सू यांचा स्वतंत्र सीमाशुल्क प्रदेश’ म्हणून. ऑलिंपिकमध्ये १९८१च्या करारानुसार नाव ‘चायनीज तैपेई’, आणि राष्ट्रध्वजाऐवजी प्लमच्या फुलाचा पांढरा ध्वज. ३१ जुलै २०२१ रोजी टोकियोत ली यांग व वांग ची-लिन यांनी पुरुष दुहेरी बॅडमिंटनच्या अंतिम सामन्यात चीनच्या जोडीला हरवले. शेवटचे फूल (शटल) रेषेवर पडले. पडद्यावर रेषेला टेकलेल्या फुलाचे चित्र आणि ‘आत’ असा निर्णय झळकला, आणि ते चित्र तैवानभर घरोघरी पोहोचले. पदक देताना वाजले ते राष्ट्रगीत नव्हते, ध्वजारोहणाचे गीत होते. २०१८मध्ये ‘तैवान’ नावाने ऑलिंपिकमध्ये उतरावे का, यावर सार्वमत झाले आणि प्रस्ताव पडला; खेळाडूंनाच खेळू दिले नाही तर, ही भीती मोठी ठरली. पासपोर्टच्या वेष्टनावर मात्र जानेवारी २०२१पासून इंग्रजीतील ‘तैवान’ मोठ्या अक्षरांत आले आणि ‘रिपब्लिक ऑफ चायना’ बोधचिन्हाभोवती बारीक झाले.

या वादाचे खरे वजन कळते ते किनमेनला. हा द्वीपसमूह तैवानच्या ताब्यात आहे, पण चीनच्या शियामेन शहराला जवळजवळ चिकटून आहे. समोरच्या उंच इमारती नुसत्या डोळ्यांनी दिसतात. २३ ऑगस्ट १९५८ रोजी समोरून तोफा सुरू झाल्या आणि ४४ दिवसांत सुमारे ४ लाख ७० हजार गोळे या छोट्या बेटांवर पडले. पुढे ठरून गेले : विषम तारखांना गोळे यायचे, सम तारखांना शांतता. अशी वीस वर्षे गेली, १ जानेवारी १९७९पर्यंत. नंतरच्या काळातल्या बऱ्याच गोळ्यांत स्फोटकांऐवजी प्रचारपत्रके असत, पण पोलादी कवच छपरावर पडले तरी घर जातच असे. ती कवचे शेतांतून, विहिरींतून निघत राहिली. लोहारांनी ती भट्टीत घातली आणि त्यांच्या सुऱ्या केल्या. किनमेनची सुरी आज तिथली प्रसिद्ध वस्तू आहे. गंजलेले कवच कापायचे, लाल होईतो तापवायचे, घणाखाली पाते ओढायचे, हे काम पर्यटकांच्या डोळ्यांदेखत चालते, आणि समुद्रापलीकडून आलेले चिनी पर्यटकही त्या सुऱ्या विकत घेत आले आहेत.

तिथली दुसरी वस्तू आपल्या ओळखीची आहे : ज्वारी. किनमेनची जमीन कोरडी, भात पिकत नाही. १९५०च्या दशकात लष्कराने शेतकऱ्यांना ज्वारीच्या बदल्यात तांदूळ देऊ केला आणि त्या ज्वारीपासून गाओल्यांग नावाची ५८ टक्के मद्यार्काची दारू गाळली. किनमेनच्या तिजोरीचा मोठा आधार आजही तीच आहे. २००१पासून शियामेनला जायला बोट आहे, अर्ध्या तासाची. ऑगस्ट २०१८पासून पिण्याचे पाणी फुजियानमधून समुद्राखालच्या नळाने येते. किनाऱ्यावर मात्र शत्रूच्या होड्या अडवायला रोवलेले लोखंडी खुंट अजून उभे आहेत, भरतीला बुडतात, ओहोटीला वर येतात.

बेटाचे सर्वांत जुने वैभव या सगळ्या भांडणाच्या कितीतरी आधीचे आहे. चिनी शेतकरी येण्यापूर्वी हजारो वर्षे इथे ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणारे लोक राहत होते. आज अशा १६ आदिवासी समाजांना सरकारी मान्यता आहे. या भाषाकुलाचा उगम तैवानमध्येच झाला असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, कारण कुलाच्या बहुतेक मुख्य शाखा याच बेटावर सापडतात. आमिस किंवा पाइवान माणूस पाचला ‘लिमा’ म्हणतो; मलय आणि हवाईमध्येही ‘लिमा’, न्यूझीलंडच्या माओरीत ‘रिमा’, मादागास्करमध्ये ‘दिमी’. होड्यांतून निघालेल्या त्या माणसांनी पाच बोटांचा हा शब्द निम्म्या पृथ्वीभर नेला. बेट चीनचे की नाही या वादात या समाजांना क्वचितच कोणी विचारते, हे मला खटकते.

रोजचे जीवन मात्र एखाद्या नीटस चालणाऱ्या देशाचे आहे. संध्याकाळी गल्लीत बेथोव्हेनची ‘फ्यूर एलिझे’ ही धून वाजली, की लोक पिशव्या घेऊन खाली उतरतात. ती कचरागाडी असते. कचरा रस्त्यावर ठेवायचा नाही, स्वतः गाडीत टाकायचा. उरलेले अन्न वेगळे, पुनर्वापराचे वेगळे. दुकानाची प्रत्येक पावती हे लॉटरीचे तिकीट असते. पावतीवर आठ अंकी क्रमांक असतो, दर दोन महिन्यांनी सोडत निघते आणि सर्वांत मोठे बक्षीस १ कोटी तैवानी डॉलरचे असते. दुकानदाराने कर चुकवू नये म्हणून १९५१मध्ये निघालेली ही युक्ती आजही चालते, कारण गिऱ्हाईकच पावती मागून घेते. १९९५पासून सर्वांना आरोग्यविमा आहे. २०१९मध्ये समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देणारे तैवान आशियात पहिले ठरले. भूकंप नित्याचे, २१ सप्टेंबर १९९९च्या भूकंपात २,४००हून अधिक लोक गेले. तैपेई १०१ या ५०८ मी. उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांमध्ये ६६० टनांचा पोलादी गोळा टांगलेला आहे, तो इमारतीचे डोलणे शोषून घेतो.

शिंचू येथे १९८७मध्ये मॉरिस चँग यांनी टीएसएमसी ही कंपनी काढली. जगातल्या अत्याधुनिक चिपांपैकी बहुतांश तीच बनवते. त्यामुळे सामुद्रधुनीतली प्रत्येक हालचाल आता दूरच्या देशांनाही घोर लावते.

भारताने १९४९च्या अखेरीस बीजिंगला मान्यता दिली. १९९५मध्ये तैपेईत ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ सुरू झाले. काम दूतावासाचे, नाव संस्थेचे. महाराष्ट्रात तैवानची चर्चा पेटली ती सप्टेंबर २०२२मध्ये, तळेगावसाठी चर्चेत असलेला वेदांता व तैवानी कंपनी फॉक्सकॉन यांचा चिपप्रकल्प गुजरातला गेल्यावर. पुढे जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली. दिल्ली व चेन्नईनंतर ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईतही ‘तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र’ उघडले. चीनने भारताकडे हरकत नोंदवली. केंद्र सुरूच राहिले.