वक्तृत्व स्पर्धेच्या गुणपत्रिकेत नसलेला रकाना

मागच्या हिवाळ्यात नागपुरातल्या एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. हाती दिलेल्या कागदावर पाच रकाने होते: आशय, मांडणी, भाषाशैली, पाठांतर, सादरीकरण. प्रत्येकी २० गुण. आठवीतली एक मुलगी पाणीटंचाईवर बोलली, फार छान बोलली. पण सगळं भाषण 'तुम्ही शहरातली माणसं' या सुरात, आणि समोरची निम्मी पोरं खेड्यांतून एसटीने आलेली. तिने आम्हाला कोण समजून भाषण केलं, हे लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती. मी मुकाट्याने बेरीज केली.

हे पाच रकाने आपल्याकडच्या कुणा मास्तरांनी काढलेले नाहीत. मुद्दे शोधणं, त्यांची रचना, शैली, स्मरण आणि उच्चारण ही रोमन वक्तृत्वशिक्षणाची पाच अंगं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिसेरो या रोमन वक्त्याने तरुणपणीच ती नोंदवून ठेवली. त्याच्या आधी, ग्रीसमध्ये, अ‍ॅरिस्टॉटलने मन वळवण्याच्या तीन वाटा सांगितल्या होत्या: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. ग्रीक नगरांत ज्याचा खटला त्यानेच उभं राहून मांडायचा, तेव्हा हे शास्त्र पोटापाण्याचं होतं. भाषण ठोकायचं कसं, हे ते शिकवायचं. दुसऱ्याचं भाषण उलगडायचं कसं, हा प्रश्न पुष्कळ नंतरचा.

आपल्याकडे वादाचं शास्त्र वेगळ्या अंगाने वाढलं. न्यायसूत्रं या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथाने सत्य शोधणारा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि नुसतं दुसऱ्याचं खोडणारी वितंडा वेगळे काढले, हरल्याच्या २२ खुणा म्हणजे निग्रहस्थानं मोजून दिली. मला त्याहून मोलाची वाटते ती चरकसंहिता. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्याला सांगितलंय की वादाला उतरण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याला जोख आणि परिषदही जोख. परिषद जाणती की मूढ? आणि आपल्या बाजूची, तटस्थ की आधीच विरोधात गेलेली? श्रोत्यांची इतकी बारीक वर्गवारी असलेला हा मजकूर आपल्याकडे आयुर्वेदाची पोरं परीक्षेपुरता वाचतात आणि वक्तृत्वाच्या शिबिरात त्याचं नावही निघत नाही.

भाषणांच्या चिकित्सेला आधुनिक काळात स्वतंत्र अभ्यासाचं रूप आलं ते अमेरिकेत. १९२५ मध्ये हर्बर्ट विचेल्न्स यांनी एका निबंधात तिची हद्द आखली. साहित्यसमीक्षक टिकणारं सौंदर्य शोधतो. भाषणाच्या समीक्षकाने मात्र ठरावीक श्रोत्यांवर ठरावीक वेळी काय परिणाम झाला ते पाहायचं. मुद्दा रास्त होता. पण पुढची जवळजवळ चाळीस वर्षं बहुतेक अभ्यासकांनी त्याचा गुणतक्ताच केला. वक्ता घ्या, अ‍ॅरिस्टॉटलचे रकाने भरा, शेवटी परिणाम झाला की नाही ते लिहा.

या चाकोरीबाहेर एक माणूस होता, केनेथ बर्क. पदवी पूर्ण न केलेला, साहित्याच्या वर्तुळात वावरणारा. १९३९ मध्ये त्याने हिटलरच्या आत्मचरित्रावर लिहिलं. पुस्तकाला नुसत्या शिव्या घालून हात झटकू नका, या वैदूने कसलं औषध कालवलंय ते बघा, असा त्याचा आग्रह होता. त्याला सापडलेलं औषध असं: विखुरलेल्या, वैतागलेल्या लोकांच्या सगळ्या दुखण्यांना एकच चेहरा द्यायचा. शत्रू एक झाला की आपणही एक होतो.

नागपूरकराला यात नवं काहीच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गल्ल्यांत उभं राहा. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले भलेमोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, मागे बडगे म्हणजे पुरुषी पुतळे, त्यांच्या गळ्यात महागाईपासून खड्ड्यांपर्यंतच्या पाट्या. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!' गर्दीतला एकजण रोगराई म्हणतो, दुसरा भ्रष्टाचार, आणि 'घेऊन जा गे' मात्र सगळ्यांचं एका सुरात. एकही युक्तिवाद नाही, तरी एवढी गर्दी तेवढ्यापुरती एक होते. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की आपण कागदाचा पुतळा जाळून घरी जातो. बर्क ज्या औषधाबद्दल बोलत होता त्यात पुतळ्याच्या जागी जिवंत माणसं होती.

१९६५ मध्ये अमेरिकन अभ्यासक एडविन ब्लॅक यांनी त्या रकानेभरू पद्धतीवर पुस्तकभर हल्ला चढवला आणि १९७० मध्ये आपला प्रश्न मांडला: हे भाषण ऐकणाऱ्याला कोण व्हायला सांगतंय? प्रत्येक भाषणात बोलणाऱ्यासोबत एक मनातला श्रोताही लपलेला असतो, तो शोधा. इथे मला काँग्रेसचं डिसेंबर १९२० मधलं नागपूर अधिवेशन आठवतं. असहकाराला विरोध करायला जिना उभे राहिले आणि 'मिस्टर गांधी' म्हणाले. सभा ओरडली, 'महात्मा' म्हणा. परिणाम मोजणारा लिहील, भाषण पडलं. ब्लॅकच्या प्रश्नाने पाहिलं तर दिसतं की त्या 'मिस्टर'ला कायदेमंडळात शोभणारे, नियमाने चर्चा करणारे सभासद श्रोते म्हणून हवे होते, आणि मंडपातली माणसं तोवर दुसरीच कुणीतरी झाली होती.

याच गावात याच्या अगदी उलट घडलं १४ ऑक्टोबर १९५६ ला. चंद्रमणी महास्थवीरांकडून दीक्षा घेतल्यावर डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या लाखोंना दीक्षा दिली आणि २२ प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. त्या प्रथमपुरुषी आहेत. मी मानणार नाही, मी करणार नाही, मी पाळीन. शेवटाकडे, आज माझा नवा जन्म होत आहे. वक्त्याचं वाक्य श्रोत्याच्या तोंडून निघतं, तेव्हा मनातला श्रोता आणि मैदानातला श्रोता यांत अंतर उरत नाही. 'परिणाम' आणि 'सादरीकरण' हे शब्द इथे तोकडे पडतात.

दुसऱ्या दिवशीचं भाषण वाचताना मी दरवेळी सुरुवातीपाशी थबकतो. एवढी माणसं धर्म बदलून समोर बसली आहेत आणि बाबासाहेब आधी उत्तर कशाचं देतात, तर नागपूरच का निवडलं याचं. इथे संघाची पलटण आहे म्हणून आम्ही आलो, हा तर्क ते खोडून काढतात. मग नाग लोकांकडे वळतात: बौद्ध धर्म पसरवणारे, इथे राहणारे, ज्यांचं नाव या गावाला आणि इथून वाहणाऱ्या नदीला मिळालं. आदल्या दिवशी ज्यांचा नवा जन्म झाला होता, त्यांना दुसऱ्या दिवशी पूर्वज मिळाले. आज त्या नाग नदीला आम्ही सर्रास नाला म्हणतो.