‘पण त्यात फायटेट असतं!’: एका शब्दाचा प्रवास

बाजरीतलं लोह, नाचणीतलं कॅल्शियम असा विषय निघाला की पाठोपाठ ‘पण त्यात फायटेट असतं’ हे येतंच. फायटेट म्हणजे दाण्यातलं, खनिजं धरून ठेवणारं एक संयुग. हा ‘पण’ मुळात भरडधान्यांमुळे आला नाही, ओटमुळे आला. 1920च्या दशकात ब्रिटनमध्ये ओटवर वाढवलेल्या कुत्र्याच्या पिलांना मुडदूस झाला. धान्यातच काहीतरी विषारी असावं, या समजुतीने त्याचं नावही ‘टॉक्सामिन’ पडलं. पुढच्या दशकात संशय फायटिक आम्लावर, म्हणजे फायटेटच्याच आम्लरूपावर, स्थिरावला. युद्धकाळात तिथल्या पावाच्या पिठात जास्त कोंडा राहू लागला, तेव्हा फायटेटमुळे अडणारं कॅल्शियम भरून काढायला त्यात चक्क खडूची पूड मिसळली गेली. विष हा शब्द मागे पडला, पण ‘प्रतिपोषक’ (पोषणात अडथळा आणणारं) या नावात त्याचा वास उरलाच.

हे नाव मला अन्यायाचं वाटतं. फायटेट हा बीजाचा फॉस्फरसचा साठा. दाण्यातला बहुतेक फॉस्फरस त्यातच असतो. त्याच्या रेणूवरचे सहा फॉस्फेट गट लोह, जस्त, कॅल्शियम धरून ठेवतात आणि हीच गाठ आतड्यात सुटत नाही. दाणा भिजला, मोड आले की फायटेज हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि रोपासाठी साठा मोकळा करतं. म्हणजे बीजाच्या हिशेबात सगळं ठीकच आहे, अडचण आपल्या आतड्याची आहे. तीही प्रमाणाची: फायटेट आणि जस्त यांच्या रेणूंचं गुणोत्तर 15च्या वर गेलं, की जस्ताचं शोषण कमी मानतात. नुसतं ‘फायटेट आहे’ म्हणण्याला अर्थ नाही.

प्रतिपोषकांच्या त्याच टोपलीत टॅनिन हे तुरट द्रव्यही टाकलं जातं. त्याची गोष्ट वेगळी. ते तपकिरी नाचणीच्या सालीत असतं, पांढरीत फारच कमी. साल काढून टाकावी, तर खनिजंही जातात.

अलीकडे पैदासकारांनी फायटेट हटवण्याऐवजी लोहच वाढवलं. 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कर्नाटकातल्या दोन वर्षांच्या मुलांवरच्या चाचणीत साध्या बाजरीतून दिवसाला सरासरी 0.23 मिलिग्रॅम लोह शोषलं गेलं, लोहसमृद्ध बाजरीतून 0.67. फायटेट दोन्हींत होतंच.