मुलांच्या फुफ्फुसाची सोनोग्राफी: ब्लू प्रोटोकॉल आणि बी-लाइनचा घोळ

फुफ्फुसात हवा, हवेतून अल्ट्रासाउंड जात नाही, म्हणून तिथं प्रोब (मशीनचं अंगावर टेकवायचं टोक) ठेवून उपयोग नाही असं पुस्तकात वर्षानुवर्षं छापून येत होतं. फार तर छातीत पाणी झालंय का बघा आणि सुई कुठं घालायची ते ठरवा, बस. घोड्यांच्या डॉक्टरांनी मात्र १९८६ मध्येच लिहिलं होतं की न्यूमोथोरॅक्स झाला, म्हणजे फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साचली, की प्लुराचं (फुफ्फुसावरच्या पातळ आवरणाचं) सरकणं दिसेनासं होतं. माणसांच्या आयसीयूत ते १९९५ मध्ये आलं, आणि १९९७ मध्ये आयसीयूतल्या त्याच मंडळींनी दाखवलं की प्लुरापासून स्क्रीनच्या तळापर्यंत उतरणाऱ्या पांढऱ्या उभ्या रेघा म्हणजे नुसता कचरा नाही, फुफ्फुस ओलं झाल्याची खूण आहे.

या रेघांना आधी धूमकेतूची शेपटी म्हणायचे, हृदयवाले आपले लंग कॉमेट म्हणत राहिले, शेवटी २०१२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये बी-लाइन हे नाव पक्कं झालं आणि एका बरगडीच्या फटीत तीन किंवा जास्त दिसल्या तर गडबड असा आकडाही ठरला. पण मशीनचे चित्र गुळगुळीत करणारे फिल्टर चालू ठेवले तर याच रेघा पुसट होतात, मग मोजून तरी काय मोजणार?

खरा वाद २००८ च्या ब्लू प्रोटोकॉलचा, म्हणजे फुफ्फुसाच्या सोनोग्राफीवरून दम लागण्याचं कारण पायरीपायरीनं ठरवणाऱ्या तक्त्याचा. आयसीयूत श्वास अडकून आलेले २६० मोठे पेशंट, सोनोग्राफीवरून ९०.५ टक्के निदान बरोबर. आकडा भारीच आहे, सगळीकडे तोच सांगतात, पण ज्यांना एकापेक्षा जास्त कारणं होती किंवा दुर्मिळ आजार होता त्यांना हिशोबातून आधीच वगळलं होतं हे फार कोणी सांगत नाही. आता हाच तक्ता जसाच्या तसा मुलांना लावा. त्यात पायातल्या शिरेतली गुठळी शोधायची पायरी आहे, मुलांमध्ये ती क्वचितच सापडते. आणि ब्रॉन्किओलायटिस (तान्ह्या मुलांच्या बारीक श्वासनळ्यांना व्हायरसनं येणारी सूज) हा खानाच नाही! सहा महिन्यांचं बाळ, बरगड्या आत ओढल्या जातायत, पाठीवर लिनिअर प्रोब ठेवला की मधूनमधून बी-लाइन आणि प्लुराच्या खाली अर्ध्या सेंटीमीटरचे काळे ठिपके दिसतात, आणि तक्त्याप्रमाणे गेलं की उत्तर येतं न्यूमोनिया. नवजात बाळाची तर आणखी मजा, जन्मानंतर पहिले काही तास फुफ्फुसातलं पाणी शोषलं जात असतं त्यामुळे ठणठणीत बाळालाही बी-लाइन असतात. आणि छातीत पुढून बघताना थायमसलाच (मुलांच्या छातीत पुढे असणाऱ्या ग्रंथीला) कन्सॉलिडेशन, म्हणजे हवा जाऊन घट्ट झालेलं फुफ्फुस, समजणारे नवशिके असतातच.

हे सगळं असूनही मुलांची छाती या तपासणीसाठी मोठ्यांपेक्षा सोयीचीच, भिंत पातळ आणि बरगड्यांचा बराच भाग अजून कूर्चेचा. २०१५ मध्ये मुलांच्या एआरडीएसची (फुफ्फुसं अचानक सुजून ऑक्सिजन कमी पडण्याच्या गंभीर आजाराची) वेगळी व्याख्या आली, ती एक्स-रेवर टेकलेली होती. २०२० मध्ये नवजात आणि मुलांसाठी बेडसाइड अल्ट्रासाउंडच्या वेगळ्या गाइडलाइन्स आल्या, त्याच वर्षी कोविडमुळे ज्याच्या त्याच्या हातात प्रोब आला, आणि बी-लाइन म्हणजे कोविड असंही काही दिवस चाललं.

प्लुराखालच्या त्या छोट्या ठिपक्यांचं मात्र अजून भिजत घोंगडं आहे. एक सेंटीमीटरच्या आतले ठिपके बऱ्याचदा व्हायरसचे असतात, किंवा फुफ्फुसाचा नुसता दबलेला तुकडा असतो, पण रिपोर्टवर कन्सॉलिडेशन हा शब्द पडला की संध्याकाळच्या राउंडला अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं.