फाइल डिलीट झाली? आधी काहीही डाउनलोड करू नका

फाइल चुकून उडाली की घाईघाईत 'फ्री रिकव्हरी' शोधायचं आणि समोर येईल ते सॉफ्टवेअर टाकायचं, असं बहुतेकजण करतात. गेलेल्या फाइली परत मिळवण्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या कित्येक डिस्कचं खरं नुकसान याच धडपडीत झालेलं असतं, म्हणून हे कळकळीने लिहीत आहोत.

साध्या हार्डडिस्कवर, पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डावर डिलीट केलेली फाइल लगेच पुसली जात नाही. तिची फक्त नोंद निघते आणि ती जागा मोकळी धरली जाते. पुस्तकातलं अनुक्रमणिकेचं पान फाडलं तरी धडे शाबूत असतात, तसं. पण नंतर त्या डिस्कवर जे काही येईल, ते या 'मोकळ्या' जागेत बसू शकतं. सी ड्राइव्हवरचे फोटो गेले आणि सॉफ्टवेअरही सी ड्राइव्हवरच टाकलं, तर इन्स्टॉल होता होताच ते तुमच्या लग्नाच्या फोटोंवर लिहिलं जाऊ शकतं. सापडलेले फोटो पुन्हा तिथेच सेव्ह केले, तर राहिलेलेही धोक्यात येतात. एकदा वर दुसरं लिहिलं गेलं, की ते आम्हीच काय, कुणीच परत आणू शकत नाही.

लॅपटॉपमध्ये एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) असेल तर वेळ आणखी कमी. तिथे 'ट्रिम' नावाची सोय डिलीट झालेली जागा आपणहून साफ करते. लॅपटॉप लगेच बंद करा.

फुकटचं सगळंच वाईट नसतं. फोटोरेक हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर चांगलं आहे. मूळ डिस्कवर ते काही लिहीत नाही, मात्र सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवरच घ्याव्या लागतात. फाइलींची मूळ नावं बहुधा जातात, ढीगभर फोटो नुसत्या आकड्यांच्या नावांनी येतात. क्रॅक केलेल्या, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालावं म्हणून कुलूप तोडलेल्या आवृत्त्यांपासून मात्र चार हात लांब राहा. अशा सॉफ्टवेअरला आपण अख्खी डिस्क वाचायची मुभा देतो. २०१७ मध्ये सीक्लीनरसारख्या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच हॅकरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार जणांकडे पोचली होती. मग अनोळखी साइटवरच्या क्रॅकचा काय भरवसा?

डिस्क कटकट आवाज करत असेल तर पुन्हा चालू करून बघू नका. 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारलं तर नाही म्हणा. आम्ही आधी डिस्कची पूर्ण प्रत काढतो आणि शोध त्या प्रतीवरच घेतो. येताना सर्वांत महत्त्वाच्या फाइली कोणत्या, ते कागदावर लिहून आणा. सुरुवात त्यांच्यापासून करू.